कोंढरणचा पत्ता

"आणि माझा नंबर?" आत्यानं विचारलं.

लॅपटॉप मी अंगणातल्या दगडावर ठेवला होता. तो जात्याचा खालचा दगड होता, मधोमध खिळा असलेला. वरचा दगड घरात कुठेच नव्हता. लहानपणापासून मी हा दगड असा एकटाच दाराशी बघत आलो होतो. सुट्टीत आम्ही पोरं त्यावर बसायला गेलो की आत्या पाठीत धपाटा घालून उठवायची. त्या दिवशी मात्र लॅपटॉपला ती काही बोलली नाही. तिचं सगळं लक्ष पडद्यावरच्या दहा आकड्यांकडे होतं.

"नंबरचं काय?" मी म्हणालो.

"नव्या ठिकाणी माझा नंबर पयल्या पानावर ऱ्हानार का न्हाय, त्ये सांग आदी. मग तुला काय वळवायचं त्ये वळीव."

मी सकाळच्या लाँचने आलो होतो आणि दुपारच्या लाँचने परत जायच्या बेतात होतो. पाच मिनिटांचं काम, असं मी घरी सांगून निघालो होतो. आमच्या घराण्यात पाच मिनिटांची कामं नसतात, हे तोवर मला कळायला हवं होतं.

कोंढरण हे आमचं गाव. माझ्या जन्माआधीच ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. बहुतेक लोकांना लांब सपाटीवर, कालव्याच्या मुलखात जमिनी मिळाल्या. आमचे आजोबा आणि वडील तिकडे गेले. त्या वस्तीलाही नाव कोंढरणच पडलं. थोडी घरं मात्र हटली नाहीत. ती नुसती डोंगराच्या खांद्यावर, पाण्याच्या वर सरकली. हौसाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, त्यांच्यातली. कमी वयात विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि माहेर बुडाल्यावर त्याच्या काठाला बसून राहिली. म्हणजे एकाच नावाची दोन गावं झाली, खालचं आणि वरचं. दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही, कारण आपणच खरं कोंढरण असं दोघांनाही वाटायचं.

कॉम्प्युटर शिकून मी धंद्याला लागलो तेव्हा हौसेनं गावाच्या नावाचं एक संकेतस्थळ केलं. देवीच्या देवळाचे जुने फोटो, घरांचा नकाशा, कोण कुठे गेलं ते. नाव कुणाच्या नावावर नोंदवायचं यावरून दोन्ही गावांत जुंपली. शेवटी दोन्हीकडच्या लोकांचा विश्वास असलेलं एकच माणूस निघालं, ते म्हणजे आत्या. सही सोडून काही न लिहिणारी आमची आत्या अशी एका इंटरनेटवरच्या नावाची मालकीण झाली. मोबदल्यात तिनं एकच मागितलं. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, तिचा मोबाईल नंबर, आणि त्याखाली ओळ: 'कोंढरणचं कुणी असाल, तर फोन करा.'

लोक फोन करायचेही. नाशिकहून, सुरतेहून, एकदा तर मस्कतहून. आत्या प्रत्येकाला कुणाची सोयरीक झाली, कोण आजारी आहे, देवीची जत्रा कधी, सगळं सांगायची. पण नंबर तिनं त्यांच्यासाठी दिलेला नव्हता. नंबर होता शिरपाकाकासाठी.

शिरपाकाका तिचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही. पाणी चढत होतं त्या पावसाळ्यात तो ठरलेलं लग्न नको म्हणून पलीकडच्या काठानं उतरून मुंबईला निघून गेला, तो आलाच नाही. एवढंच आम्हाला माहीत. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे विधी उरकून घ्या म्हणून सुचवलं होतं. आत्यानं त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं. ती खाली राहायला आली नाही तेही त्याच्यामुळेच. "त्यो आला तर कुटं यील? गावात यील. मी तितं ऊस खात बसू व्हय?"

आता अडचण अशी झाली होती की ज्या कंपनीकडे आमचं संकेतस्थळ ठेवलेलं होतं ती कंपनी महिनाअखेर गाशा गुंडाळणार होती. तोवर नाव दुसरीकडे वळवलं नाही, तर कोंढरण शोधणाऱ्याला कोरं पान दिसलं असतं. खालच्या गावच्या संस्थेनं तेवढ्यात एक मोठं, देखणं नवं संकेतस्थळ तयार करून घेतलं होतं, नव्या कंपनीकडे. नाव तिकडे वळवायला मालकिणीच्या मोबाईलवर एक आकडा येणार, तो मी टाकणार, संपलं.

"हे बघ आत्या," मी समजावलं, "नाव तेच राहतं. कोंढरणच. फक्त त्या नावामागचं घर बदलायचंय. माणसानं नाव टाकलं की जुन्या घराऐवजी नव्या घरात जाईल."

"सरकारबी आसंच सांगत हुतं," आत्या म्हणाली. "नाव ऱ्हाईल, फकस्त घर बदलंल."

मी अण्णांना फोन लावला.

हरिबाअण्णा खालच्या संस्थेचे अध्यक्ष. शिरपाकाकाचे जिवलग दोस्त. सरळ माणूस, पण नंबरचं ऐकल्यावर एकदम ताठ झाले. "संस्थेचं पान हाय उदय, कुनाच्या घरचं न्हाय. नंबर घालायचा न्हाय."

"अहो, एक ओळ आहे. काय बिघडतं?"

"न्हाय म्हनतोय ना मी."

"मग ती आकडा देत नाही."

मग अण्णा म्हणाले, "मी येतो. तिला म्हनावं, येतो मी."

अण्णा येणार म्हणजे उद्याच, कारण ते लाँचमध्ये बसत नसत. धरणावरून लाँचने पाऊण तासात वर येता येतं. अण्णा मात्र दरवेळी जीप करून सगळ्या जलाशयाला वळसा घालून, घाट चढून, हाडं खिळखिळी करून घेत यायचे. आम्ही तरुण पोरं त्यांना चिडवायचो, 'अण्णांना पाण्याचं वावडं, आंघोळ तरी करतात का विचारा.' अण्णा हसायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. धुळीनं माखलेले, टोपी हातात. आत्यानं पाणी दिलं, गूळ दिला. मग ती जात्याच्या दगडाशेजारी खाली बसली आणि अण्णा ओट्यावर. मी मधे लॅपटॉप घेऊन.

"हरिबा, कसला नाट लावलायस रं?" आत्या म्हणाली. "एवडा एक नंबर तुला जड झाला?"

"आक्का, लोक हसत्यात."

"हसू द्येत. माज्या भावासाटी हाय त्यो नंबर. त्यानं कुटं बसून गावाचं नाव टाकलं तर त्याला कोन भेटायचं? तू? तुजं हारतुऱ्याचं फोटू?"

"आक्का, त्यो न्हाय टाकायचा नाव."

"तुला काय म्हाईत? तुजा दोस्त ना त्यो? तू तरी आसं बोलू नगंस. शेवटाला त्याला तूच बगितलास."

अण्णांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. मला त्यांचा राग आला होता. म्हातारीचा एक नंबर ठेवायला ह्या माणसाच्या बापाचं काय जातंय, असं मी मनात म्हणत होतो, आणि तोंडानंही म्हटलं. "अण्णा, आत्याच्या नंबरसाठी घाट चढून यावं इतका मोठा विषय आहे का हा? मी घालतो नंबर. बघू कोण काढतं."

"तू गप," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही.

मग ते आत्याकडे बघून म्हणाले, "ती ओळ वाचली ना आक्का, की मला माजंच खोटं छापून आल्यावानी वाटतंय. सा वर्सं झाली, त्ये पान मी उघडलं न्हाय."

"कसलं खोटं?"

"शिरपा ममईला ग्येला न्हाय."

आत्या हलली नाही. समोर कोंबडी दाणे टिपत होती, तिलाही तिनं हाकललं नाही.

अण्णा बोलत गेले, खाली मान घालून, अडखळत. त्या दिवशी दोघंच होडी घेऊन गावात गेले होते. निम्मं गाव पाण्यात, घरांचे वासे-तुळया आधीच काढून नेलेले. परत येताना मधल्या ओढ्याच्या जागी, जिथं पाण्याला ओढ होती, तिथं होडी उलटली. अण्णांच्या हाताला एक फळी लागली. शिरपाकाका एकदा वर आला, एकदाच.

"काटाला लागून वर आलो, तर हितं तू हुतीस," अण्णा म्हणाले. "ह्याच दगडावर हात ठिवून बसल्याली. सगळ्यांच्या आदी तूच बोललीस, 'आनली का रं?' मला तोंडातनं निघंना आक्का. तुजा त्यो हात बगितला आनि मला निघंना. म्हनालो, पलीकडं उतरला, ममईला ग्येला, लगीन नगं म्हनत हुता. वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग तुज्या वडलांनी त्याला शिव्या घातल्या, घर सोडून ग्येला म्हनून. मग सांगायचं ऱ्हायलंच."

एवढ्या वेळात 'आणली का' याचा अर्थ मला लागला नव्हता. आत्यानंच तो सांगितला. तिनं दगडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून, जणू मलाच हिशेब द्यायचा होता, म्हणाली, "मी धाडला हुता त्याला. आदल्या दिवशी ह्यो खालचा दगूड आनलावता. वरचा ऱ्हायलावता. दिवाळी झाली की त्याचं लगीन. भावाची हळद परक्याच्या जात्यावर दळायची व्हय? म्हनून म्या म्हनलं, जा, वरची तळीबी घिऊन ये. त्यो नगं म्हनत हुता. पानी चडलंय आक्का, म्हनत हुता."

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला वाटतं, आपण कुठलीही चूक मागे घेऊ शकतो. ही मागे घेता येणारी नव्हती.

मग आत्यानं विचारलं, "हरिबा, तळी हुती का होडीत?"

"आं?"

"वरची तळी. होडीत घातली हुती का तुमी?"

जात्याचा दगड होडीत असेल, तर त्या वजनानं होडी उलटली. तसं असेल तर तिनंच. तिच्या प्रश्नात हे सगळं होतं आणि तिथं बसलेल्या तिघांनाही ते कळत होतं.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "तळी न्हवती. आमी घरापातूर पोचलोच न्हाय आक्का. कमरंएवडं पानी हुतं. रिकामीच होडी घिऊन माघारी फिरलो. वारा सुटला, वाऱ्यानं उलटली. वारंच हुतं तसलं." हे सांगताना ते आत्याकडे बघत नव्हते. दगडाकडे बघत होते.

"वारा," आत्या म्हणाली.

"वारा आक्का. द्येवीची आन."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. रडली की नाही मला सांगता येणार नाही. उठून आत गेली, चूल पेटवली, चहा केला आणि आम्हा दोघांना दिला. अण्णांच्या कपात साखर जास्त घातली होती, त्यांना तसा लागतो म्हणून. मग मोबाईल घेऊन माझ्याशेजारी बसली.

"घे. आकडा आला की वाचून दावते तुला."

"आत्या, आजच हवं असं नाही. महिना संपायला वेळ आहे."

"वळीव म्हनते ना."

मी जुन्या कंपनीचे पत्ते खोडले, नवे टाकले. तिच्या मोबाईलवर आकडा आला. तिनं एकेक अंक बोट ठेवून वाचला, मी तो टाकला. झालं. खरंच पाच मिनिटांचं काम होतं.

"दाव आता नवं घर," ती म्हणाली.

मी नाव टाकलं. जुनंच पान आलं. वर तिचा नंबर, खाली तीच ओळ.

"ह्ये तर तेच हाय."

"लगेच दिसत नाही आत्या. नाव वळवलं तरी सगळ्यांना एकदम नवं दिसत नाही. कुणाला तासाभरात दिसतं, कुणाला दोन दिवस लागतात. वाटेत ठिकठिकाणी जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. तो पुसला जाईपर्यंत जुनंच दिसत राहतं."

"मंजी माझ्यावानीच की," आत्या म्हणाली. "गावाला कवाच दिसलं आसंल. मला आपलं आजून जुनंच दिसतंय."

अण्णा ओट्यावरून उठले आणि गोठ्याच्या मागे गेले. त्यांचं रडणं आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं. आत्या म्हणाली, "असू दे. रडू दे त्याला. लई वर्सं तुंबलंय."

परत आल्यावर अण्णा मला म्हणाले, "उदय, नंबर घाल. पयल्या पानावर, सगळ्यात वर."

"घाल," आत्या म्हणाली, "लोकं फोन करत्यात, त्यांनी कुनाला इचारायचं? आनि त्ये म्येलेल्या मानसांचं पान हाय ना तुमच्या नव्याच्यात? त्याच्यात शिरपाचं नाव घाल. श्रीपती गनू शेलार. फोटू न्हाय म्हनावं."

मी माझ्याकडच्या पासवर्डनं नव्या संकेतस्थळाच्या मागच्या दारानं आत शिरलो आणि दोन्ही गोष्टी केल्या. खालच्या गावात एव्हाना कुणाला तरी नवं पान दिसू लागलं असणार, आणि त्यात शिरपाकाका गेलेला होता. इथे डोंगरावर मात्र माझ्या पडद्यावर अजून तीच ओळ होती. कोंढरणचं कुणी असाल, तर फोन करा.

"हितं कवापातूर दिसंल ह्ये?" आत्यानं विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत असेल बहुतेक."

"मग आजच्या दिस असू दे," ती म्हणाली आणि लॅपटॉप बंद करू दिला नाही. स्वयंपाक करतानाही मधेमधे येऊन बघून जात होती.

सकाळी मी उठलो तेव्हा आत्या अंगणात होती. जात्याचा दगड तिनं धुतला होता आणि त्याला हळद लावत होती. कुंकू नाही, नुसती हळद, भरपूर, लग्नघरात लावतात तशी. मी लॅपटॉप उघडला. नवं पान आलं होतं. तिच्यापुढे धरलं. तिनं बघितलं, मान हलवली. "ब्येस हाय," म्हणाली. मग रात्री मुक्कामाला राहिलेल्या अण्णांकडे वळून, "हरिबा, जागा दावशील?"

अण्णांचा चेहरा उतरला. पण 'नाही' म्हणाले नाहीत.

दगड मी आणि लाँचवाल्यानं मिळून उचलून लाँचमध्ये ठेवला. अण्णा काठावर पाय रोवून उभे. आत्या आधी चढली आणि तिनं त्यांच्याकडे हात केला, लहान पोराला करतात तसा. तो हात धरून ते आत आले आणि मधल्या फळीवर दोन्ही मुठी आवळून बसले. सगळ्या वाटेत ते एकदाही पाण्याकडे बघायला धजले नाहीत. फक्त एका ठिकाणी, दोन डोंगरांच्या खिंडीची सरळ रेघ डोळ्यांनी धरून म्हणाले, "हितं."

लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं. आजूबाजूला नुसतं पाणी. खाली कुठे तरी आमचं गाव होतं आणि मी ते उभ्या आयुष्यात फक्त स्वतः चिकटवलेल्या फोटोंत बघितलं होतं.

आत्या वाकली. दगडावर हात फिरवला. मी आणि लाँचवाल्यानं तो कडेपर्यंत सरकवला, लाँच एका बाजूला कलंडली, अण्णांनी डोळे मिटले. आत्यानं दोन्ही हातांनी दगड लोटला. पाणी उडालं, मिटलं, आणि थोडी हळद वर तरंगत राहिली.

"जा बाबा," ती पाण्याला म्हणाली. "तुजी वरची तळी हितंच हाय. आता ही खालची घे. जातं पुरं झालं तुजं."

अण्णांनी डोळे उघडले. "आक्का, म्या सांगितलं की. तळी न्हवती होडीत. वारा हुता."

"व्हय रं," आत्या म्हणाली. तिनं हळदीचा हात त्यांच्या हातावर ठेवला. "वाराच हुता."